सेलोकर मॅडमचा अर्धा राहिलेला तास

सेलोकर मॅडमचं नाव मी आधी लिहून टाकते. काय झालं, कुठे झालं, ते मागून सांगते. माझ्या उजव्या डोळ्याला आज जे काही दिसतं ते त्यांच्यामुळे दिसतं. मधेच कोणी वाचायचं सोडलं तरी एवढं त्याला कळलेलं असावं, म्हणून आधी.

मी त्यांची हुशार विद्यार्थिनी नव्हते. लाडकीही नव्हते; मॅडमची लाडकी कोणीच नव्हती. दहावी अर्ध्यात सोडून मी इकडे तिरुपूरला कापड रंगवायच्या कारखान्यात आले, आणि आता घरापासून इतकी लांब आहे की गावचा फोन वाजला तरी आधी वाईटच मनात येतं. जीव कधी स्वस्थ नसतो. कोणाच्या घरी पाहुणी गेले तरी चहा यायच्या आधी माझी नजर फिरून येते, पाण्याचा नळ कुठे आहे ते पाहायला. मैत्रिणी हसतात. हसोत.

आमची शाळा तुमसरपासून आत. रस्त्याच्या एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला बोडी, म्हणजे शेताला पाणी देणारं लहान तळं, आणि बोडीच्या पाळीला लागून शाळा. मॅडम तुमसरहून स्कूटीवर यायच्या आणि नववी-दहावीला विज्ञान शिकवायच्या. अंगाने बारीक, आवाजही बारीक. पण वर्गात कोणी खोकललं तरी त्या थांबायच्या. खोकला संपेपर्यंत गप्प उभ्या राहायच्या आणि मग तेच वाक्य पहिल्यापासून म्हणायच्या. आम्हाला वाटायचं, बाईला राग आला. राग नव्हता तो. कोणाच्या कानातून एखादा शब्द सुटला की काय, ही भीती होती. एवढं कळायला मला फार वर्षं लागली.

त्या आपल्या चेहऱ्याला कधी हात लावायच्या नाहीत. घाम आला तर खांद्याला गाल पुसायच्या. राईस मिलचा कोंडा वाऱ्यावर उडून यायचा, त्या दिवसांत सगळा वर्ग डोळे चोळत बसे. मॅडम मात्र खडू ठेवून बाहेर जायच्या, आधी हात धुवायच्या, मग डोळे धुवायच्या, आणि ओल्या तोंडाने परत येऊन शिकवायला लागायच्या. एकदा पापणीवर माशी बसली तर त्यांनी नुसती मान झटकली. मागच्या बाकावरचे पोट्टे त्याची नक्कल करायचे, जेवणाच्या सुट्टीत सगळे मिळून माना झटकत फिरायचे.

बोलायच्या शाळेतल्या पुस्तकासारखं. पण चिडल्या, की घाबरल्या, की आमच्यासारखं बोलायला लागायच्या. आमच्याकडे डोळ्याला डोरा म्हणतात. मॅडमच्या तोंडून ‘डोरा’ आला की वर्ग चिडीचूप व्हायचा.

आणि त्यांचा तो एक प्रश्न. तो कधी येईल त्याचा नेम नसे. हजेरी चालली आहे, नाव घेता घेता मधेच, “चुना डोऱ्यात गेला तं?” भिंगाचा धडा चालला आहे, फळ्यावर किरण काढता काढता पाठमोऱ्याच, “आम्ल अंगावर पडलं तं?” सगळ्या वर्गाने एका सुरात ‘पानी’ म्हणायचं. आम्ही ते ‘हजर मॅडम’सारखं म्हणायचो, जांभई देत देत. गावात त्यांना पानीवाली मॅडमच म्हणत. कोणाच्या घरी हापशीची दांडी तुटली तरी लोक म्हणायचे, बोलवा त्या मॅडमले.

पण नुसत्या बोलण्यावर त्यांचा भरवसा नव्हता. एकदा आम्ही असंच जोरात ‘पानी’ म्हटल्यावर त्या सगळ्यांकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, तोंड बोलून राहिलं, हात बोलत नाही. आणि सगळा वर्ग हापशीवर नेला. एकाने डोळे गच्च मिटायचे, दुसऱ्याने त्याला हापशीपर्यंत न्यायचं नाही, त्याने चाचपडत स्वतः यायचं. मग मान तिरपी करायची, बोटांनी पापणी ताणून उघडी धरायची आणि पाणी वाहू द्यायचं. थांबायचं नाही. डोळा लाल होतो, थंडी वाजते, नाकात पाणी जातं, तरी नाही. पोट्ट्यांनी खूप मस्ती केली, एकमेकांना चिंब भिजवलं. मॅडम हसल्या नाहीत. घरी गेल्यावर माझी आई म्हणाली, शाळेत शिकवतात का आंघोळ घालतात.

मास्तर लोक पानठेल्यावर खर्रा घोटून घेत, त्या ठेल्याशी मॅडमचं निराळंच भांडण होतं. आमच्याकडे खर्रा कोण खात नाही? सुपारी, तंबाखू आणि वरून चुना. चुन्याच्या त्या बोटभर प्लास्टिकच्या पुड्या ठेलेवाल्याने दोरीला लटकवल्या होत्या, लहान पोरांच्या तोंडासमोर येतील अशा. पोरं येता-जाता त्या दाबून पाहत. मॅडम एक दिवस स्कूटीवरून उतरल्या आणि पुड्या वर टांगायला सांगितल्या.

ठेलेवाला आमच्या गल्लीतलाच, जिभेचा तिखट. म्हणाला, “मॅडम, तुमी शाळा पाहा, मी ठेला पाहतो. मी तुमच्या फळ्यावर काय लिवाचं ते सांगाले येतो काय?”

गिऱ्हाईकं हसली. दुसऱ्या दिवशी पिशवीतून खिळा आणि हातोडी घेऊन आल्या, ठेल्याच्या वरच्या फळीला स्वतः खिळा ठोकला आणि पुड्यांची दोरी तिथे बांधली. काही दिवसांनी दोरी पुन्हा खाली आली. मॅडमनी पुन्हा वर बांधली. ती दोरी वर-खाली होत राहिली, आणि आम्ही शाळेत जाताना पाहायचो, आज कोणाचा नंबर आहे.

त्याच रस्त्यावर पुढे एक घर होतं. त्या घरासमोर मॅडम स्कूटीवरून उतरायच्या, गाडी बंद करायच्या, ती ढकलत न्यायच्या आणि घर मागे पडलं की पुन्हा बसायच्या. रोज. ओट्यावर एक जवान माणूस बसलेला असे. त्याचा एक डोळा पांढरा होता, उकडलेल्या अंड्यासारखा. मॅडम त्याच्याकडे मान वर करून पाहत नसत. पोरं म्हणायची, त्या घराला काहीतरी बाधा आहे, म्हणून मॅडम तिथे गाडीवर बसत नाहीत.

नववीत आम्ल आणि आम्लारीचा धडा आला तेव्हा ते कळलं.

त्या दिवशी मॅडमनी काचेचं भांडं आणलं, बाटल्या आणल्या, मोजून मेजावर मांडल्या आणि वर्गाचं दार आतून लावून घेतलं. आम्हाला वाटलं, काहीतरी जादू दाखवणार. त्या उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या की प्रयोग मागून, आधी एक गोष्ट ऐका. आणि मी बोलून झाल्याशिवाय घंटा झाली तरी कोणी उठायचं नाही.

गोष्ट अशी. त्या नव्या नव्या लागल्या होत्या तेव्हा हाच प्रयोग त्यांनी याच वर्गात केला होता. भांड्यात कास्टिक सोड्याचं पाणी, ती आम्लारी, त्यात औषधाचा थेंब टाकला की सगळं गुलाबी. मग वरून आम्ल थेंबाथेंबाने सोडायचं. एक थेंब असा येतो की सगळा गुलाबी रंग जागच्या जागी नाहीसा होतो. आम्लाने आम्लारी संपवली. दोघंही संपले, राहिलं मीठ आणि पाणी. वर्गाने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात घंटा झाली. पुढचं सांगायचं राहिलं होतं: की हे भांड्यात करायचं, अंगावर कधीच नाही; दोघं भेटले की आग होते, आणि त्या आगीत आहे तेही जातं. ते उद्या सांगू म्हणून त्या निघून गेल्या.

त्या वर्गात एक पोरगा होता, सगळ्यांत हुशार. संध्याकाळी त्याचा लहान भाऊ चुन्याची पुडी दातांनी फोडत होता. पुडी फुटली आणि चुना सरळ डोळ्यात. घरात पाण्याची गुंडी भरलेली होती. माय पाणी घ्यायला धावली तर या पोराने तिचा हात धरला.

“तो मायले म्हणाला, पानी नोको, मॅडमनं आजच शिकवलं,” मॅडम सांगत होत्या. आवाज नेहमीसारखाच बारीक होता. “चुना म्हणजे आम्लारी. आम्लारीले आम्ल मारते. आंगणात निंबाचं झाड होतं. त्यानं निंबू कापला आणि भावाच्या डोऱ्यात पिळला. एक नाही, पुरता. माय पोट्ट्याचे हात धरून बसली होती, का मोठा शिकेल आहे, तो म्हणते तं बरोबरच असन.”

कोणी खोकललं नाही.

पुढचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते. चुन्यानेच किती गेलं आणि नंतर किती गेलं, ते कोणालाच सांगता यायचं नाही, असं. गावात कोणी मॅडमला दोष दिला नाही. ती माय तर दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडे धानाचे नवे पोहे घेऊन आली होती. थोरल्या पोराने मात्र शाळा सोडली. चिखला गावच्या खाणीकडे कुठे ट्रकवर लागला म्हणतात. घरी येत नाही.

आम्हाला तो ओटा आठवला. ओट्यावरचा माणूस आठवला. मागच्या बाकावरच्या एका पोट्ट्याने हळूच विचारलं, “मॅडम, तुमची चूक का त्याची?”

मॅडम म्हणाल्या, “त्यानं जेवढं आयकलं तेवढं बरोबर केलं.”

मग त्यांनी प्रयोग केला. गुलाबी रंग गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. घंटा झाली, बाहेर दुसरे वर्ग सुटले, आमचं दार बंदच. मॅडम एकेका बाकाजवळ जाऊन एकेकाच्या तोंडून तेच वदवून घेत होत्या: आम्लावर आम्लारी नाही, आम्लारीवर आम्ल नाही, पानी, पानी आणि पानी, आणि मग दवाखाना. पुढच्या तासाचे गणिताचे सर दारावर थापा मारत होते.

दहावीत माझी शाळा सुटली. आई आजारी पडली, बाबा मिलमध्ये पोती वाहायचे त्यांच्या कमरेत भरलं, आणि गावातल्या काही मुली तिरुपूरला जात होत्या. त्यांच्याबरोबर माझंही ठरलं. चार दिवस शाळेत दिसले नाही म्हणून मॅडम घरी आल्या. आईला समजावलं, बाबांना समजावलं. बाबा नुसते मान हलवत होते. आई शेवटी म्हणाली, “मॅडम, तुमचं खरं आहे. पन घर काय खाते?” चहा पुढे ठेवलेला तसाच निवला.

जाताना त्यांनी मला विचारलं, कारखान्यात काम काय असतं. मी ऐकलं होतं तेवढं सांगितलं: कापड उकळतात, धुतात, रंगवतात. त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्या पुन्हा खाली बसल्या.

“तिथं कास्टिक असते,” त्या म्हणाल्या. “ड्रम भरभरून असते. पोरी, गेल्याबरोबर पयले नळ कुठं आहे ते पाहून ठेव. डोरे मिटून तिथवर जाऊन पाय. लोकं हसतीन, हसू दे.”

पुस्तक आण, परीक्षेला बस, असं काहीच नाही. दारात चप्पल घालताना पुन्हा तेच. आई नंतर म्हणाली, निरोपाच्या वेळी असं अशुभ कोणी बोलते काय. मलाही ते लागलं. रेल्वेत बसले तेव्हा आईच्या डब्याआधी मला तो ड्रम आठवत होता, जो मी अजून पाहिलाही नव्हता.

कारखान्यात पहिल्याच आठवड्यात मी डोळे मिटून भिंतीला हात लावत नळापर्यंत गेले. लोक हसले.

पुढचं माझं आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. आमच्याकडे कापड कास्टिकमध्ये उकळतात आणि नंतर त्यातलं उरलेलं कास्टिक मारायला आंबट वासाचं आम्ल टाकतात. रोजचं काम आहे. कापडाला हात लावून बुळबुळीत लागलं की आमच्या अक्का म्हणायच्या, अजून टाक. अक्का म्हणजे आमच्या पाळीवरच्या सगळ्यांत जुन्या बाई, मला पोटच्या पोरीसारखं वागवणाऱ्या. एक दिवस दुपारी मी कास्टिक ओतत असताना हात निसटला आणि गरम पाणी उडालं. उजव्या डोळ्यात. ते कसं वाटतं ते मला सांगता येत नाही. डावाही आपोआप मिटला. काहीच दिसेना. मी ‘पानी पानी’ ओरडत होते आणि तिथे ते कोणाला समजत नव्हतं.

अक्का धावत आल्या. माझं डोकं त्यांनी काखेत धरलं, हनुवटी वर केली. आणि मला तो आंबट वास आला, अगदी नाकाजवळ. आम्लाचा मग्गा त्यांच्या हातात होता. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. रोज कापडाला जे करत आलो तेच त्या मला करत होत्या, आणि मायेने करत होत्या. मी त्यांचा हात ढकलला. मग्गा खाली पडल्याचा आवाज आला. भिंत सापडली, भिंतीवरून हात सरकवत नळ सापडला. मी पापणी ताणली आणि डोकं नळाखाली घातलं. ‘तन्नी, तन्नी’ म्हणत होते म्हणे मी, त्यांच्या भाषेत पाण्याला म्हणतात ते. मला आठवत नाही. दोघी-तिघींनी ओढून पाहिलं, मी नळ सोडला नाही. मग अक्काच माझं डोकं धरून उभ्या राहिल्या, दवाखान्याची गाडी येईपर्यंत.

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, धुतलं म्हणून राहिला. डोळ्यात एक पांढुरका ठिपका पडला आहे, उन्हात पाणी येतं, दिवा पाहिला की भोवती कडं दिसतं. पण दिसतं.

बरी झाल्यावर मी मॅडमला फोन लावला. किती वर्षांनी. मला वाटलं होतं, त्यांना रडू येईल, निदान बाई गं म्हणतील. तसलं काही नाही. पाणी किती वेळ घेतलं, पापणी उलटी करून धुतली का, दवाखान्यात नेतानाही पाणी चालू होतं का, एकामागून एक विचारत गेल्या, जशी तोंडी परीक्षा. मग म्हणाल्या, “आंबट कोणी आणलं होतं काय?”

“हव, मॅडम.”

पलीकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “एक काम आहे. सुट्टीत आली का माझ्या वर्गात येशील काय? मी बोलून बोलून त्यायचे कान बहिरे झाले. पानी म्हणतात आन हसतात. तुझा डोरा जवळून पाहतीन तं हसणार नाहीत.”

मी हो म्हटलं. पण कारखान्याला सुट्टी दिवाळीची, आणि शाळेलाही तेव्हाच. गेल्या दिवाळीला मी गावी गेले तेव्हा शाळेला कुलूप होतं. मॅडम भेटल्या त्या मंडईत. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी जत्रेसारखी मंडई भरते, पाहुणे येतात, ढोलाच्या तालावर दंडारीचा नाच होतो, रात्री नाटक असतं. दुपारची गर्दी होती. त्यांनी मला फुगेवाल्याच्या बाजूला उजेडात ओढलं, हात न लावता माझा डोळा पाहिला. वर पाय म्हणाल्या, खाली पाय म्हणाल्या. केस बरेच पिकले होते.

“पुढच्या बार शाळा असताना जमते काय पाय,” त्या म्हणाल्या. “माझी नोकरी आता फार नाही राहिली. माझ्या जागी कोनी येते का नाही येत, कोनाले माहीत. आन पुड्या तं...”

वाक्य तिथेच थांबलं. त्या माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होत्या. एक माणूस लेकराला खांद्यावर घेऊन उभा होता, तोंडात खर्रा, आणि उरलेली चुन्याची पुडी त्याने लेकराला खेळायला दिली होती. लेकरू ती चावत होतं.

मॅडम गर्दीत शिरल्या. मी मागे निघाले तेवढ्यात दंडारीचे ढोल वाजले आणि सगळी माणसं तिकडे लोटली. मला इतकंच दिसलं: तो माणूस आधी हसत होता, मग हसायचा थांबला, कोणीतरी बाई मोठ्याने म्हणाली की आमच्या लेकराले हात काहून लावता. माणसांच्या डोक्यांवर मॅडमचा एक हात वर होता, त्यात ती पांढरी पुडी, सगळ्यांपासून लांब धरलेली. मग मधे कोणाची तरी छत्री आली आणि तो हातही दिसेनासा झाला. मी खूप शोधलं. सापडल्या नाहीत.

माझी धाकटी बहीण यंदाच्या जूनपासून नववीत बसेल. तो धडा पहिल्या सहामाहीतच येतो.

मॅडम, यंदा मी दिवाळीची वाट पाहणार नाही. शाळा चालू असताना येईन, मग कारखान्याने परत घेवो की न घेवो. तुम्ही दार लावून घ्या. मी एकेका बाकाजवळ जाऊन एकेकाला माझ्या डोळ्यातला ठिपका दाखवीन, आणि तुमच्या नोकरीनंतर तुमच्या जागी कोणी आलं नाही, तरी दर वर्षी येऊन दाखवीन. तुमचे उपकार मला दुसऱ्या कशाने फेडता येणार नाहीत. यानेच फेडीन.